अठरा वर्षांनंतर काय? : बौद्धिक दिव्यांग मुलामुलींच्या प्रौढपणाची तयारी



वर्षावासात आम्ही संग्रामपूर तालुक्यातल्या विहारांमध्ये आरोग्याची माहिती द्यायला जातो. बी.पी., साखर, खारपाणपट्ट्यातले पाणी आणि किडनीचे आजार, असे विषय असतात. बोलणे संपते, बायाबापड्या उठतात आणि एखादी आई मागे थांबते. सोबत तिच्यापेक्षा उंच झालेला मुलगा असतो. मिसरूड फुटलेली असते, पण हातात आईचा पदर असतो. ती विचारते, "ताई, मी हाओ तवर ठीक हाय. माह्या मांगं याचं कोन करीन?"

हा प्रश्न आम्ही अनेक गावांत ऐकला. आईचे वय, मुलाचे नाव बदलते, प्रश्न तोच राहतो. याचे उत्तर गोळीत नाही, पण उत्तर आहे. त्याचे तीन भाग आहेत : मुलाच्या अंगी लावलेल्या सवयी, वेळेत केलेले कागद आणि जोडून ठेवलेली माणसे. ही तिन्ही कामे तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करावी लागतात. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान याच विषयावर.

आपण कोणाबद्दल बोलतो आहोत?

ज्याला आपल्याकडे 'भोळा', 'येडा' म्हणून सोडून देतात, तो बहुतेक वेळा बौद्धिक दिव्यांग असतो. त्याच्या मेंदूची वाढ जन्माआधी, जन्मताना किंवा लहानपणीच अडखळलेली असते. शिकायला, समजायला, बोलायला त्याला जास्त वेळ लागतो. काही मुलांना त्यासोबत फिट येते, हातपाय ताठ असतात (सेरेब्रल पाल्सी), नजर किंवा ऐकणे कमी असते, स्वमग्नता असते. अशा एकाहून जास्त अडचणी एकत्र असलेल्या मुलांची वाट सर्वांत बिकट असते. हा वेडेपणा नाही, बाहेरची बाधा नाही आणि मागच्या जन्माचे पाप तर मुळीच नाही. अंगारा-धुपारा आणि भगतावर घालवलेली वर्षे ही मुलाच्या शिकण्याची वर्षे असतात. ती परत येत नाहीत.

अठराव्या वर्षी काय बदलते?

लहान मुलासाठी थोड्याफार सोयी आहेत. अंगणवाडी आहे, शाळेत विशेष शिक्षक येतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वय १८ पूर्ण झाले, की शाळा सुटते आणि बाल स्वास्थ्य पथकाच्या यादीतून नाव जाते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा. मुलगा घरी बसतो. दोन-तीन वर्षांत शाळेत शिकलेलेही विसरतो. आई मात्र दरवर्षी थकत जाते.

ही अडचण आपल्याच विदर्भात एका माणसाने देशापुढे मांडली आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह चालवतात. रेल्वे स्टेशनवर, उकिरड्यावर टाकून दिलेली मुले तिथे वाढली. वडील म्हणून बाबांनी त्यांना स्वतःचे नाव दिले. त्या मुलांनी उजाड टेकडीवर हजारो झाडे लावून जगवली. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची अनेक वर्षांची मागणी वेगळीच आहे : बालगृहातले बेवारस दिव्यांग मूल १८ वर्षांचे झाले म्हणून त्याला बाहेर काढू नका, त्याच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा. ज्याला रस्ता ओलांडता येत नाही, त्याला अठराव्या वाढदिवसानंतर कोठे पाठवायचे, हा त्यांचा सवाल आहे.

आपली मुले बेवारस नाहीत, त्यांना घर आहे. पण आईबापांच्या पश्चात घरातले मूलही बेवारस होऊ शकते. तसे होऊ नये यासाठी पुढची तयारी.

पहिले काम : सवय

इथे आम्हाला आमची एक चूक कबूल करायची आहे. नर्स म्हणून नोकरी करत असताना आम्ही पालकांना सांगायचो, "हा कायम लहान मुलासारखाच राहणार, सांभाळून घ्या." वाटायचे, धीर देतो आहोत. प्रत्यक्षात आम्ही त्या मुलाच्या शिकण्याचे दार बंद करत होतो. आईने पंधरा वर्षांच्या मुलाला घास भरवला, कारण आम्हीच तसे सांगितले होते.

तथागतांनी असे केले नव्हते. भिक्खू चूळपंथकाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. सख्ख्या मोठ्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला संघातून जायला सांगितले. तो बाहेर पडत असताना तथागतांनी त्याला थांबवले. पुन्हा गाथा पाठ करायला लावली नाही. हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि ते हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले आणि चूळपंथकाला अनित्यता उमगली. पाठांतराने जे झाले नाही, ते हाताच्या कामाने झाले. विशेष शिक्षक आज हेच सांगतात : मुलाला जसे समजते तसे शिकवा.

रीत अशी आहे. एक काम निवडा, उदाहरणार्थ आंघोळ. त्याचे बारीक तुकडे करा : बादलीत पाणी घेणे, तांब्याने अंगावर ओतणे, साबण लावणे, धुणे, पुसणे, कपडे घालणे. सुरुवातीला सगळे आईने करावे आणि शेवटचा एकच तुकडा, म्हणजे अंग पुसणे, मुलाकडून करून घ्यावा. तो पक्का झाला की त्याच्या आधीचा. शेवट मुलाच्या हातून झाला की 'मी केले' हा आनंद त्याला रोज मिळतो. रोज तीच वेळ, तीच जागा, तेच शब्द ठेवा. बोलणे समजत नसेल तर भिंतीवर चित्रे लावा. एका कामाला सहा महिने लागले तरी चालतील.

अठरा वर्षांपर्यंत शक्य तितक्या या गोष्टी साध्य करा : शौच आणि आंघोळ, स्वतःच्या हाताने जेवण, कपडे, 'हो', 'नाही', 'दुखते' हे शब्दाने वा खुणेने सांगणे, स्वतःचे नाव-गाव सांगणे किंवा त्याचे कार्ड गळ्यात वागवणे, नोटा ओळखणे, आईशिवाय दुसऱ्या माणसाजवळ एक दिवस राहणे. यातली शेवटची सवय सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आधी एक तास मावशीकडे, मग एक दुपार, मग एक रात्र.

ज्याचे दिव्यांगत्व फार तीव्र आहे, जो बसूही शकत नाही, त्याच्यासाठीही उद्दिष्ट असते. कोणता सदरा घालायचा हे त्याने नजरेने सांगणे, घास देण्याआधी स्वतः तोंड उघडणे, हेही प्रौढपणच आहे. निवड करता येणे म्हणजे माणूस असणे.

वयात येणे

शरीर वेळेवर वयात येते, बुद्धी मागे असली तरी. हे पालकांनी स्वीकारले नाही तर मुलाला मार बसतो आणि मुलीला धोका होतो.

मुलाचा हात लोकांसमोर कपड्यात गेला तर मारू नका. ही इच्छा नैसर्गिक आहे. ती चारचौघांत नाही, एकट्याने बंद खोलीत, एवढेच शांतपणे आणि वारंवार शिकवा. दहाव्या वर्षानंतर मुलाला उघड्यावर आंघोळ घालू नका. ज्याची लाज आपण राखत नाही, त्याला लाज शिकवता येत नाही.

मुलीला पाळी येण्याआधीच तयार करा. पॅड चड्डीला लावून दाखवा, लाल रंग टाकून बदलायला शिकवा, कॅलेंडरवर खूण करा. बहुतेक मुली शिकतात. 'त्रास नको' म्हणून गर्भाशय काढण्याचा विचार मनात आणू नका. १९९४ मध्ये आपल्या राज्यात शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया केल्या गेल्या. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण होते. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा उरत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की सौम्य बौद्धिक दिव्यांग स्त्रीचा गर्भपातही तिच्या संमतीशिवाय करता येत नाही.

मुलगा असो वा मुलगी, शरीराच्या अवयवांची नावे, कोणी हात लावू नये त्या जागा आणि घडल्यास कोणाला सांगायचे ती दोन माणसे, हे शिकवा. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो आणि 'हिचे कोण ऐकणार' या भरवशावर असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पॉक्सो कायदा, २०१२ आहे. मुलाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर गुन्हा धरला जातो. तक्रार नोंदवताना विशेष शिक्षकाची मदत मागण्याचा हक्क आहे. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२.

प्रौढ शरीराचे आरोग्य

औषधांची जुनी फाईल फेकू नका. १६-१७ व्या वर्षीच बालरोगतज्ज्ञांकडून एका कागदावर सारांश लिहून घ्या : आजार, औषधे, मात्रा, झालेली ऑपरेशन्स, कशाची ॲलर्जी. मोठ्यांच्या डॉक्टरकडे तो कागद पहिल्या भेटीत द्या.

फिटची मात्रा वजनाप्रमाणे ठरते. मूल वाढले, मात्रा तीच राहिली तर फिट पुन्हा येतात. गोळी मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्यास फिट जिवावर बेतू शकते. वयात आलेल्या मुलीला व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू असेल तर डॉक्टरांशी मुद्दाम बोला, कारण गर्भावस्थेत ते बाळाला घातक ठरते. फिट आल्यावर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, नाकाला कांदा किंवा चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ येत राहिली तर १०८ ला फोन करा.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा करावी. जो सांगू शकत नाही, त्याच्या दुखण्याकडे वागण्यातून बघा. शांत मुलगा अचानक डोके आपटू लागला, जेवण सोडले, तर आधी दात, कान, पोट साफ न होणे, लघवीची जळजळ तपासा. 'याचा स्वभावच असा' म्हणून सोडल्यामुळे किडलेली दाढ वर्षभर दुखत राहिल्याचे आम्ही पाहिले आहे. जे मूल झोपून असते, त्याला निजवून भरवू नका, घास श्वासनळीत जातो. बसते करून, हळूहळू, लहान घास द्या.

काम आणि मजुरी

काम ही आरोग्याचीच गोष्ट आहे. ज्याच्या हाताला काम, त्याची झोप, भूक आणि मन ठीक राहते. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आणि पुण्याची कामायनी संस्था १९६४ पासून या मुलांना शिकवतात. तिथे मोठ्या मुलांना कामाचे शिक्षणही मिळते. आपल्या तालुक्यात तशी सोय जवळ नाही, पण कामे आहेत : रोपवाटिकेच्या पिशव्या भरणे, तुरीच्या शेंगा सोलणे, धान्य निवडणे, शेळ्यांना चारा टाकणे, मेणबत्त्या करून पुड्या भरणे, विहाराची झाडलोट. रोजगार हमीच्या कामावर मजुरांना पाणी देण्यासारखी कामे दिव्यांगांना देता येतात. फिट येणाऱ्याला मात्र विहीर, नदी, चूल आणि मळणीयंत्र यांपासून दूर ठेवा.

एका गोष्टीवर आमचा राग आहे. गावात असा एखादा तरुण असतो, जो दिवसभर पाच घरची कामे करतो. पोती उचलतो, गोठा काढतो. बदल्यात चहा आणि शिळी भाकर. लोक म्हणतात, "त्याला पैशाचं काय कळते?" आपल्या वाडवडिलांकडून भाकरीच्या तुकड्यावर वेठ करून घेतली गेली. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध लढा दिला. तीच वेठ आपल्या वस्तीतल्या दिव्यांग पोरावर यावी आणि आपण बघत बसावे, हे शोभत नाही. पैसे मोजता येत नसतील तरी मजुरी त्याचीच आहे. ती त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे.

दुसरे काम : कागद

१. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. स्वावलंबन पोर्टलवर ई-सेवा केंद्रातून अर्ज होतो, तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात जावे लागते. संग्रामपूरहून बुलढाणा शंभरेक किलोमीटर पडते, एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून चार-पाच कुटुंबांनी मिळून एकच गाडी करावी. बौद्धिक दिव्यांगत्वाचे बालपणीचे प्रमाणपत्र १८ व्या वर्षी नव्याने करून घ्यावे लागते, त्यानंतरचे आयुष्यभर चालते. इथेच अनेकांचे अनुदान अडकते.

२. संजय गांधी निराधार अनुदान योजना. किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत असेल तर तहसील कार्यालयात अर्ज करा. बँक खाते मुलाच्या नावाने असू द्या.

३. निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, त्यात थेरपीचाही समावेश आहे.

४. कायदेशीर पालकत्व. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. त्याला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. ज्या गोष्टी तरुणाला समजतात, त्या त्यालाच विचारून करा.

५. सातबारा. वडील गेल्यावर 'हा काय करणार जमिनीचे' म्हणून दिव्यांग भावाचे नाव वगळले जाते, बहिणीचेही जाते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपल्यालाही लागू आहे. त्यात स्पष्ट आहे, की आजार वा व्यंग या कारणाने कोणाचाही वारसा हक्क जात नाही. अंगठा घेऊन हक्कसोड करून घेणे हा अन्याय आहे, मग तो सख्ख्या भावाने केला तरी.

६. ग्रामपंचायत. स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हिशेब मागा.

तिसरे काम : माणसे

कागद तिजोरीत राहतो, घास माणूस भरवतो. म्हणून आजच एका वहीत मुलाची माहिती लिहा : काय आवडते, कशाला घाबरतो, झोप कशी लागते, कोणती गोळी कधी, रडला तर काय केल्याने शांत होतो. आईला हे सगळे पाठ असते, पण आईशिवाय कोणालाच माहीत नसते. ही वही म्हणजे आईच्या पश्चात उरणारी आईची माहिती.

मग तीन माणसे ठरवा : एक घरातले, एक नात्यातले, एक वस्तीतले. त्यांना महिन्यातून एकदा तरी मुलासोबत वेळ घालवू द्या. भावाबहिणीवर गृहीत धरून ओझे टाकू नका. त्यांच्याशी स्पष्ट बोला, कोण काय करील ते विचारा. सून येण्याआधी सांगा, लपवून लग्ने लावू नका.

आणि विहार. पौर्णिमेला किती घरांतली अशी मुले विहारात येतात? फार थोडी. 'वंदनेत ओरडेल', 'लोक काय म्हणतील' म्हणून ती घरी कोंडलेली असतात. ओरडला तर ओरडू द्या. त्याच्या हाती फुले द्या, मेणबत्ती लावू द्या, बसायच्या चटया अंथरू द्या. वर्षभरात सगळी वस्ती त्याला नावाने ओळखेल. ज्याला वस्ती नावाने ओळखते, तो आईनंतरही बेवारस होत नाही, आणि त्याच्या वाटेला जायला वाईट माणूसही दहा वेळा विचार करतो.

महिला मंडळांना आमची विनंती आहे. या महिन्यात आपल्या वस्तीतल्या अशा मुलामुलींची यादी करा : वय, प्रमाणपत्र आहे की नाही, अनुदान मिळते की नाही. चौदा ते अठरा वयाचे जे असतील, त्यांच्या घरी आधी जा. आशाताईला सोबत घ्या. आईला उपदेश करू नका, आधी तिला दोन तास विश्रांती द्या आणि तेवढा वेळ तिच्या मुलाजवळ तुम्ही बसा. तयारीची सुरुवात तिथूनच होते.

त्या मागे थांबलेल्या आईला आम्ही आता 'काळजी करू नका' म्हणत नाही. आम्ही विचारतो, "याचं वय किती? कागद कुठवर आले? याला कोणकोण ओळखते?" आणि तिच्यासोबत पहिला अर्ज भरायला बसतो.

जयभीम, नमो बुद्धाय.